वीस मिलिमीटरच्या वाटेने : विद्यार्थ्यांची रेसिंग कार आणि अभियांत्रिकीचे शिक्षण

वजन दोनशे ते अडीचशे किलो, जागा एकाच माणसाची, चाके उघडी, इंजिन बहुधा मोटरसायकलचे. विद्यार्थ्यांनी बांधलेल्या या रेसिंग कारला शर्यतीत सरळ धावपट्टी फारशी मिळत नाही. प्लास्टिकचे शंकू मांडून आखलेल्या वळणावळणाच्या वाटेवर तिचा सरासरी वेग ताशी पन्नास किलोमीटरच्या आगेमागे राहतो आणि कमाल वेग शंभराच्या थोडा पुढे जातो. घरची साधी मोटारही महामार्गावर एवढा वेग सहज गाठते. तरीही जगभरातल्या शेकडो महाविद्यालयांतली मुले या गाडीसाठी वर्षभर वर्कशॉपमध्ये रात्री जागवतात, सुट्ट्या घालवतात, प्रसंगी एखादा विषय मागे ठेवतात. हा खटाटोप कशासाठी, त्यातून हाती काय लागते आणि आपल्याकडे तो कुठे अडतो, हे तपासायचे तर आधी स्पर्धेची घडण पाहावी लागते.

उगम

१९७६ साली अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठात 'मिनी बाहा' नावाची स्पर्धा झाली. खडबडीत जमिनीवर चालणारी छोटी गाडी विद्यार्थ्यांनी स्वतः बांधायची, इंजिन मात्र सगळ्यांना सारखेच आणि लहान. त्याच धर्तीवर १९७९ मध्ये ह्यूस्टन विद्यापीठात पक्क्या रस्त्यावरच्या गाड्यांची 'मिनी इंडी' भरली. पण ठरवून दिलेल्या पाच अश्वशक्तीच्या इंजिनात डोके चालवायला वाव कमी होता. १९८१ मध्ये ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या साथीने नवे नियम मांडले. इंजिन तुमच्या पसंतीचे घ्या, त्यात हवे ते बदल करा. हवा मात्र ठरावीक मापाच्या छिद्रातूनच आत घ्या. 'एसएई' या मोटार अभियंत्यांच्या संघटनेची 'फॉर्म्युला एसएई' उभी राहिली ती या एका अटीवर.

१९९८ मध्ये ती कल्पना 'फॉर्म्युला स्टुडंट' या नावाने ब्रिटनमध्ये आली. २००६ पासून जर्मनीत हॉकेनहाइमच्या ट्रॅकवर तिची स्पर्धा भरू लागली आणि आज ती सर्वांत चुरशीच्या स्पर्धांपैकी एक मानली जाते. दरम्यान नियमपुस्तिका शे-सव्वाशे पानांच्या पुढे गेली, तरी तिचा गाभा टिकून आहे. स्वातंत्र्य भरपूर, पण प्रत्येक स्वातंत्र्याची किंमत कुठेतरी चुकवावी लागते.

हजार गुणांचा हिशेब

बाहेरून पाहणाऱ्याला ही शर्यत वाटते. गुणपत्रिका वेगळेच सांगते. फॉर्म्युला एसएईत एकूण १००० गुण असतात आणि त्यांतले ३२५ गाडी उभी असतानाच मिळतात किंवा जातात. रचनेच्या परीक्षणाला १५०, खर्चाच्या हिशेबाला १०० आणि व्यवसाय-सादरीकरणाला ७५. हौशी चालकांसाठी अशा गाड्या तयार करून विकणाऱ्या कंपनीसाठी आपण नमुना बांधतो आहोत, असे संघाने गृहीत धरायचे असते. म्हणून प्रत्येक बोल्टची किंमत आणि प्रत्येक भाग बनवण्याची पद्धत कागदावर दाखवावी लागते.

रचनेचे परीक्षक मोटार उद्योगातले आणि रेसिंगमधले अनुभवी लोक असतात. रेसिंग अभियंत्यांमध्ये गाजलेल्या 'ट्यून टु विन'चे लेखक कॅरल स्मिथ हेही त्यांच्यात होते. परीक्षक गाडीभोवती फिरतात आणि फिरून फिरून एकच विचारतात : असे का? सस्पेन्शनचा हा आर्म एवढाच लांब का? स्प्रिंग एवढीच कडक का? 'मागच्या वर्षीच्या गाडीत असेच होते' हे उत्तर आले की गुण गेले. गाडी देखणी असूनही संघ तळाला जातो, साध्यासुध्या गाडीचा संघ वर चढतो, तो याच प्रश्नापाशी.

उरलेले ६७५ गुण गाडी चालवून मिळवायचे. ७५ मीटरची सरळ धाव, आठाच्या आकड्यासारख्या वाटेवरचे स्किडपॅड, एका फेरीची ऑटोक्रॉस, आणि शेवटी साधारण २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स. एन्ड्युरन्सला सर्वाधिक, २७५ गुण आहेत आणि तिच्याच जोडीने इंधनाच्या काटकसरीचे १०० मोजले जातात. अर्ध्या वाटेवर चालक बदलतो. त्यासाठी इंजिन बंद करायचे, दुसऱ्याने बसून पट्टे बांधायचे आणि तापलेले इंजिन पुन्हा सुरू करायचे. कितीतरी गाड्या इथेच संपतात. इंधन उकळलेले असते, बॅटरी उतरलेली असते, नाहीतर रेडिएटरचा पंखा बेतताना हे काही मिनिटांचे थांबणे कोणी धरलेलेच नसते. ७५ मीटरला सगळ्यांत वेगवान ठरलेली गाडी अकराव्या किलोमीटरला ढकलत न्यावी लागली, तर वर्षाचा निकाल तिथेच लागला.

छिद्राचे भौतिकशास्त्र

आजच्या नियमांत पेट्रोलवर चालणाऱ्या इंजिनाची कमाल क्षमता ७१० सीसी आहे आणि त्याची सगळी हवा २० मिलिमीटर व्यासाच्या एकाच गोल वाटेने जावी लागते. याला रिस्ट्रिक्टर म्हणतात. त्या चिंचोळ्या जागी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाइतका झाला की इंजिनाने कितीही ओढ लावली तरी जास्त हवा आत येत नाही. ही मर्यादा सेकंदाला सुमारे ७५ ग्रॅमची. तेवढ्या हवेत सेकंदाला सहा ग्रॅमही पेट्रोल नीट जळत नाही आणि त्यातून मिळणारी शक्ती शंभर अश्वशक्तीच्या अलीकडेच थांबते. मोटरसायकलवर शंभराहून जास्त अश्वशक्ती देणारे ६०० सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन इथे गुदमरते.

मग एवढे जड इंजिन वाहायचे कशाला, हा प्रश्न आपल्याकडच्या संघांनी लवकर विचारला. चाकणला बजाजच्या कारखान्यात तयार होणाऱ्या केटीएम ३९० मोटरसायकलच्या आधीच्या पिढीतले ३७३ सीसीचे एका सिलिंडरचे इंजिन भारतातल्या अनेक संघांनी पत्करले. ते हलके आहे, सुटे भाग गावोगावी मिळतात आणि बिघडले तर दुरुस्त करणारा मेस्त्री सापडतो. मूळ ताकद त्रेचाळीस अश्वशक्तीच्या आसपास. त्याला लागणारी सरासरी हवा रिस्ट्रिक्टरच्या क्षमतेच्या निम्मीच आहे, तेव्हा छिद्राची अडचण उरलीच नाही असे वाटते.

पण एक सिलिंडर सलग श्वास घेत नाही. इंजिनाच्या दोन फेऱ्यांत एकदाच आणि तोही चक्राच्या साधारण एक-तृतीयांश काळातच तो हवा ओढतो. सरासरी कमी असली तरी त्या क्षणापुरती मागणी जवळजवळ तिपटीवर जाते आणि छिद्र आड येते. म्हणून छिद्र आणि इंजिन यांच्यामध्ये प्लेनम नावाची हवेची पेटी बसवतात. वाड्यातल्या हौदासारखे तिचे काम : नळाची धार बारीक का असेना, घागर बुडवताना पाणी कमी पडू नये. ही पेटी लहान झाली तर इंजिन उपाशी राहते. फार मोठी झाली तर पेडल दाबल्यावर ताकद यायला उशीर होतो आणि वळणातून बाहेर पडताना चालकाचा अंदाज चुकतो. नेमका आकार ठरवायला संगणकावरचे गणित, डायनोवरची, म्हणजे इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरची, चाचणी आणि चालकाचे मत अशा तिघांची साक्ष काढावी लागते. वर्गात स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवलेले थर्मोडायनॅमिक्स आणि फ्लुइड मेकॅनिक्स मुलांना इथे पहिल्यांदा एकाच वस्तूत भेटतात.

सांगाडा, नाक आणि जिग

बहुतेक संघ पोलादी नळ्यांचा स्पेसफ्रेम करतात. चालकाच्या डोक्यामागच्या मुख्य कमानीसाठी साधारण २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची आणि अडीच मिलिमीटर जाडीची नळी लागते. भार नळ्यांच्या लांबीतून ओढ-दाबाच्या रूपाने जावा, नळी वाकू नये, म्हणून सगळीकडे त्रिकोण साधायचे असतात. पैसा आणि अनुभव असलेले संघ कार्बन फायबरचे मोनोकॉक, म्हणजे स्वतःच सांगाड्याचे काम करणारे एकसंध कवच, करतात, पण ते नळ्यांइतकेच मजबूत आहे याचा पुरावा आकडेमोड आणि चाचण्यांनिशी द्यावा लागतो.

गाडीच्या नाकात टक्कर शोषणारा भाग असतो. ३०० किलोची गाडी सेकंदाला ७ मीटर वेगाने, म्हणजे ताशी सुमारे २५ किलोमीटरने, भिंतीवर आदळली तर वेग घटण्याची सरासरी तीव्रता गुरुत्वत्वरणाच्या २० पटींहून आणि क्षणिक कमाल ४० पटींहून जास्त होता कामा नये. अडीच मीटरवरून वजन खाली सोडले की हाच वेग मिळतो. म्हणून अनेक महाविद्यालये साध्या मनोऱ्यावरून वजन टाकून ही चाचणी करतात. ॲल्युमिनियमच्या मधपोळी जाळीचा तो ठोकळा एकसारखा चुरगळत गेला तर पास. आधी ताठ राहून मग एकदम कोसळला तर नापास. ऊर्जा शोषणे म्हणजे काय, हे पदवीच्या पुस्तकापेक्षा तो चुरगळलेला ठोकळा जास्त स्पष्ट सांगतो.

संगणकावरची फ्रेम आणि वर्कशॉपमधली फ्रेम यांत मात्र अंतर पडतेच. नळीला नळी जोडायची तर टोकाला माशाच्या तोंडासारखी खाच पाडावी लागते. त्यासाठी छापील कागद नळीभोवती गुंडाळून खूण करायची जुनी युक्ती आजही चालते. आधी सगळे जोड टॅक करायचे, म्हणजे थोडेथोडे वेल्ड करून जागी धरायचे, मग आलटून पालटून पूर्ण वेल्ड करायचे, नाहीतर उष्णतेने फ्रेम ओढली जाते. सस्पेन्शनची एक कडी दोन मिलिमीटर सरकली, तरी चाक वर-खाली होताना आपोआप थोडे वळू लागते आणि चालकाला स्टिअरिंगवर भरवसा राहत नाही. म्हणून वेल्ड करताना नळ्या जागी पकडून ठेवणाऱ्या चौकटीवर, म्हणजे जिगवर, घालवलेला आठवडा पुढचे महिने वाचवतो. भोसरी-चिंचवडच्या शेडमध्ये लेथवर उभ्या असलेल्या टर्नरला हे शिकवावे लागत नाही. मुलांना त्याच्याकडून शिकावे लागते, आणि या स्पर्धेच्या फायद्यांत ही भेट मोजायला हरकत नाही.

टायर आणि पंख

गाडीला रस्त्याशी जोडणारा एकमेव भाग टायर, आणि वर्षानुवर्षे सगळ्यांत कमी माहिती त्याचीच असे. २००५ मध्ये अनेक विद्यापीठांनी एकत्र येऊन टायर-चाचणीचा संघ उभारला. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या कॅल्स्पन प्रयोगशाळेतल्या यंत्रावर टायर तपासायचे आणि शुल्क भरलेल्या सर्व संघांना त्याचे आकडे द्यायचे, अशी ही व्यवस्था. प्रतिस्पर्धी संघ मूलभूत माहिती वाटून घेतात आणि स्पर्धा तिचा उपयोग कोण कसा करतो यावर होते. आपल्याकडे अशा सामाईक व्यवस्थेची कल्पना रुजली असती तर बरेच पैसे वाचले असते. तिच्याकडे पुढे येऊच.

पंखांचा वाद असाच बोधक आहे. ताशी पन्नास-साठ किलोमीटरला वायुगतिकीचा काय उपयोग, असे पूर्वी बहुतेकांचे मत होते. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाच्या संघाने मोठे पंख बसवून, मोजमाप करून २००६ मध्ये शोधनिबंधच प्रसिद्ध केले. गाडी हलकी आणि वाट वळणांची असल्यामुळे पंखांनी मिळणारा खालचा दाब उपयोगी पडतो, हे त्यातून पुढे आले. चांगल्या पंखांच्या गाडीला ताशी ६० किलोमीटरला साठ-सत्तर किलोंचा जादा दाब मिळू शकतो. गाडीचे स्वतःचे वजन अडीचशे किलोच्या आसपास असताना ही भर मोठी आहे. मग सगळ्यांनी पंख लावले. पण वाऱ्याच्या बोगद्यात किंवा निदान मोकळ्या पट्ट्यावर मोजणी न करता, दुसऱ्याचे चित्र पाहून लावलेले पंख बहुधा वजन आणि खर्चच वाढवतात.

वीज आली, चालक उतरला

जर्मनीत २०१० मध्ये विजेच्या गाड्यांचा वेगळा वर्ग सुरू झाला आणि २०१७ मध्ये चालकविरहित गाड्यांचा. विजेच्या गाडीत छिद्राची जागा ८० किलोवॉटच्या मर्यादेने घेतली. व्होल्टेज ६०० पर्यंत जाऊ शकते. त्यामुळे धोक्याचे स्वरूपच बदलले. उच्च दाबाची तार कुठेही सांगाड्याला टेकली तर यंत्रणेने ती ओळखून पुरवठा तोडलाच पाहिजे. प्रत्येक सेलच्या व्होल्टेजवर आणि तापमानावर पाळत हवी. तपासणीत गाडीवर दोन मिनिटे पाण्याचा फवारा मारतात, मग आणखी दोन मिनिटे थांबतात. तेवढ्यात इन्सुलेशन ढळले तर गाडी ट्रॅकवर जात नाही. मेकॅनिकलच्या मुलांचा म्हणून ओळखला जाणारा संघ आता इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि कॉम्प्युटरच्या मुलांवाचून उभा राहू शकत नाही. चालकविरहित गाडीला तर डावीकडचे निळे आणि उजवीकडचे पिवळे शंकू कॅमेऱ्याने आणि लेसरने स्वतः ओळखून वाट काढावी लागते.

या दिशेचे टोक २०२३ मध्ये दिसले. झुरिकच्या ईटीएच आणि ल्युसर्नच्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी बांधलेल्या 'मायथेन' या सुमारे १४० किलोच्या विजेच्या गाडीने शून्य ते १०० किलोमीटर वेग ०.९५६ सेकंदांत गाठला, तोही १२.३ मीटर अंतरात. आधीचा १.४६१ सेकंदांचा विक्रम स्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांचा होता. मायथेनच्या मोटर्स मिळून सुमारे २४० किलोवॉटच्या होत्या, म्हणजे स्पर्धेच्या मर्यादेच्या तिप्पट. विक्रम विद्यार्थ्यांचा असला तरी तो स्पर्धेबाहेरचा, याची आठवण ठेवून तो वाचावा.

भारतातली वाट

आपल्याकडे २००७ मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला 'बाहा एसएईइंडिया' सुरू झाली आणि २०११ मध्ये फॉर्म्युला धर्तीची 'सुप्रा एसएईइंडिया' चेन्नईजवळच्या ट्रॅकवर. पुढे कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर भरणाऱ्या 'फॉर्म्युला भारत'ने आंतरराष्ट्रीय नियमांच्या जवळ जाणारी स्पर्धा देशातच उपलब्ध करून दिली. मुंबईच्या विद्याविहारमधल्या सोमय्या महाविद्यालयाचा 'ओरायन', आयआयटी मुंबईचा विजेच्या गाड्यांचा संघ, आयआयटी मद्रासचा 'रफ्तार', वेल्लोरचा 'प्रवेग' अशी नावे या वर्तुळात परिचित आहेत. पुण्या-मुंबईपुरते बोलायचे तर इथल्या संघांना मोटार उद्योगाची शेजारसोबत आहे. लेझर कटिंग, व्हीएमसी, पावडर कोटिंग, सगळे तासाभराच्या अंतरात मिळते.

तरीही बरेच संघ तपासणीतच अडकतात. चारही चाके एकदम लॉक होत नाहीत, गाडी ६० अंशांत कलंडवली की तेल गळते, चालक पाच सेकंदांत बाहेर पडत नाही. 'टेक क्लिअर' होऊन स्टिकर मिळण्यातच संघाचा अर्धा उत्सव होतो. यामागची कारणे बुद्धीत नाहीत, वेळापत्रकात आहेत. फ्रेम उशिरा पूर्ण होते, गाडी पहिल्यांदा चालते ती स्पर्धेच्या तोंडावर, आणि चाचणीसाठी ठेवलेले दोन महिने वेल्डिंगमध्ये विरघळतात. त्यात सत्र परीक्षा, सबमिशन आणि हजेरी. युरोपातल्या कित्येक विद्यापीठांत या कामाला अभ्यासक्रमात गुण मिळतात; आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ते अभ्यासक्रमाबाहेरचे लाड समजले जातात.

पैशाचा प्रश्न नाजूक आहे. आयात टायर, सेल, मोटर कंट्रोलर आणि प्रवास यांचा खर्च लाखांत जातो. प्रायोजक थोडे मिळतात, बाकी वर्गणी मुलांच्या खिशातून येते. जिल्ह्याच्या गावातून शिष्यवृत्तीवर आलेली, सुट्टीत घरी शेतावर हात लावणारी मुलगी अशा संघात टिकेल का, हे महाविद्यालयाने विचारायला हवे. रात्री उशिरापर्यंत चालणारे वर्कशॉप आणि वसतिगृहाची वेळ यांचा मेळ घातला नाही, तर मुली 'मार्केटिंग'कडे ढकलल्या जातात आणि वेल्डिंग टॉर्च मुलांच्या हातात राहतो.

गळती कुठे आहे

टीकाकार म्हणतात की यातून फार तर चांगले जुळारी तयार होतात : विकतचे भाग आणायचे, सिनिअरची फाइल उघडायची, रंग बदलायचा. या टीकेत तथ्य आहे, पण दोष गाडीचा नाही. चौथ्या वर्षाची मुले पासआउट होतात तेव्हा कॅड फाइल मागे राहते. ती तशी का केली, कोणते तीन पर्याय सोडले, कोणती चाचणी फसली, हे त्यांच्याबरोबर निघून जाते. परीक्षकाच्या 'असे का?' या प्रश्नाला उत्तर नसते ते यामुळे. बलाढ्य परदेशी संघांचा सगळ्यात मोठा फायदा कार्बन फायबरचा नाही. त्यांच्याकडे दरवर्षीच्या मोजमापांचा साठा असतो आणि तो वाचून काम सुरू करण्याची शिस्त असते.

म्हणून आपल्या महाविद्यालयांनी पैसा कुठे घालावा, याचा क्रम बदलायला हवा. पहिली गरज सेन्सर आणि डेटा लॉगरची, मग चाचणीसाठी मोकळ्या पट्ट्याची, आणि पंख त्यानंतर. प्रत्येक मोठ्या निर्णयामागे दोन पानांची कारणांची नोंद असावी आणि ती लिहिण्याला प्रकल्पाचे गुण असावेत. फसलेल्या चाचणीच्या नोंदीलाही तेवढेच गुण मिळावेत, नाहीतर ती कोणी लिहिणार नाही. टायर-चाचणी संघाच्या धर्तीवर पुण्या-मुंबईच्या महाविद्यालयांनी एकच डायनो आणि टक्कर-चाचणीचा एकच मनोरा वाटून घेतला, तर छोट्या शहरांतल्या महाविद्यालयांनाही दार उघडेल. स्पर्धा गाडी बांधायला लावते. तिच्यामागचा विचार जपून पुढच्या तुकडीला देण्याची सक्ती मात्र कोणतीही नियमपुस्तिका करत नाही. ती महाविद्यालयाने करायची आहे, आणि या सगळ्या खर्चात सर्वांत स्वस्त काम तेच आहे.